मुदतीचे स्वराज्य : वऱ्हाडातील स्वातंत्र्यचरित्रांची एक तपासणी

वऱ्हाडात स्वातंत्र्यसैनिकांच्या चरित्रांना तोटा नाही. अमरावती किंवा अकोल्यातील कोणत्याही जुन्या वाचनालयात त्यांचे निदान एक कपाट असतेच. त्यात गौरवग्रंथ असतात, शताब्दीच्या स्मरणिका असतात, मुलाने लिहिलेले बापाचे चरित्र असते, अनुयायाने लिहिलेले पुढाऱ्याचे असते. गेली काही वर्षे मी हे कपाट वाचतो आहे. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. माणसे निरनिराळी असली तरी चरित्र बहुधा एकच असते. आधी घराण्याची थोरवी, मग शाळेत दिसलेली बुद्धीची चुणूक, मग लोकमान्यांची किंवा महात्माजींची भेट, वकिलीवर सोडलेले पाणी, तुरुंग, सुटका, मिरवणूक आणि उतारवयातील अध्यात्म. तुरुंग हा या चरित्राचा गाभारा. बाकी सारे त्याच्याभोवतीचे प्रदक्षिणेचे दगड. ‘अस्पृश्योद्धार’ नावाचा मजकूर असलाच तर तो शेवटाकडे, ‘इतर कार्य’ या मथळ्याखाली चार ओळींत उरकलेला असतो.

या साच्याबद्दल माझी तक्रार भाषेची किंवा शैलीची नाही. ती मूल्याची आहे. स्वातंत्र्य म्हणजे काय, याचा एक अर्थ हा साचा आधीच ठरवून टाकतो आणि त्या अर्थात न बसणारी माणसे चरित्राबाहेर उभी राहतात.

हे लिहिण्यास एक निमित्त झाले. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या वर्षी, २०२२ साली, एका महाविद्यालयाने स्मरणिका काढायचे ठरवले. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील स्वातंत्र्यसैनिकावर एक पान लिहून आणायचे होते. पाने पाहण्याचे काम माझ्याकडे होते. दर्यापूरकडच्या एका मुलाने आपल्या पणजोबावर पान लिहिले. घरात चालत आलेली गोष्ट त्याने आजीच्या तोंडून ऐकली तशीच उतरवली होती : “आमचा आबाजी बाबासायेबाले पाह्याले अमरावतीले पायी गेल्ता. देवीच्या देवळाचा दावा होता तवा. जेलात नाही गेला, पन गेल्ता.” संपादक मंडळाने हे पान परत केले. कारण साधे होते. पणजोबा तुरुंगात गेले नव्हते, तेव्हा ते स्वातंत्र्यसैनिक नव्हेत. मुलाने मला विचारले, “सर, मग ते कशाचे सैनिक होते?”

मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. मंडळाला दोष देऊन भागणार नाही, कारण त्यांनी देशाचीच व्याख्या वापरली. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाची योजना १९७२ साली सुरू झाली. तिची प्रमुख कसोटी होती किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास. १९८० पासून स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिन्यांवर आणली गेली. सरकारी खात्याला निवृत्तिवेतन वाटायचे तर काही मोजमाप लागणारच. पण चरित्रकाराने, इतिहासकाराने, प्राध्यापकाने खात्याचेच माप हाती घ्यावे, याचे नवल वाटते.

पणजोबा ज्या ‘दाव्या’साठी अमरावतीला गेले तो १९२७ सालचा अंबादेवी मंदिराचा प्रश्न. या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला जे गृहस्थ उभे होते ते वऱ्हाडातील पहिल्या प्रतीचे स्वातंत्र्यसेनानी होते. ते म्हणजे गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे. म्हणून मी तपासणीसाठी त्यांचेच आयुष्य घेतो.

येथे आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खापर्ड्यांना लहान ठरवण्याचा माझा हेतू नाही. १८५४ साली जन्मलेला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेला, संस्कृत आणि इंग्रजीवर सारखीच हुकमत असलेला हा माणूस सरकारी नोकरीत सुखाने म्हातारा होऊ शकला असता. ती सोडून १८९० साली त्यांनी अमरावतीत वकिली मांडली. पैसा अमाप मिळवला आणि अमाप उधळला. ‘वऱ्हाडचे नवाब’ हे नाव त्यांना उगाच पडले नव्हते. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष होते शंकरन् नायर, आणि स्वागताध्यक्ष होते खापर्डे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. अशा वेळी टिळकांचा मित्र म्हणून उघडपणे वावरणे ही साधी गोष्ट नव्हती. १९०७ साली सुरतेला राष्ट्रसभा फुटली तेव्हा ते टिळकांच्या बाजूला होते. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी दरवाजे ठोठावायला खापर्डे विलायतेला गेले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. इकडे वकिली बसली. मित्रासाठी असा पदरमोड करणारा माणूस आजही दुर्मिळ आहे. हे सारे चरित्रात यावे आणि ठळकपणे यावे.

मला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे पर्व, होमरूलचे. १९१६ साली टिळकांचा होमरूल संघ स्थापन झाला. मध्यप्रांत आणि वऱ्हाड त्याच्या कार्यक्षेत्रात होते आणि खापर्डे त्याच्या पुढाऱ्यांत होते. होमरूलवाल्यांचा सरकारशी वाद काय होता, हे नीट पाहिले पाहिजे. २० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यूसाहेबांनी पार्लमेंटात जाहीर केले की हिंदुस्थानाला जबाबदार राज्यपद्धती द्यायची, पण क्रमाक्रमाने. किती द्यायचे आणि केव्हा द्यायचे, हे ब्रिटिश सरकार ठरवणार. म्हणजे हक्क मान्य, पण हप्त्याने. का? तर लोकांची अजून तयारी नाही. लोकमत घडायला वेळ लागतो. घाई केली तर गोंधळ माजेल. होमरूलवाल्यांनी या युक्तिवादाच्या चिंधड्या उडवल्या. पोहता येईपर्यंत पाण्यात उतरू नका, असे म्हणणाऱ्याला पोहायला शिकवायचेच नसते, हे त्यांनी गावोगाव सांगितले. १९१९ साली खापर्डे पुन्हा विलायतेला गेले, पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हा त्यांचे वय पासष्टीचे होते. त्या वयात सातासमुद्रापार जाऊन ‘आम्हाला थांबायला सांगू नका’ असे सांगणारा हा पुढारी होता.

तरी १९१९ चा कायदा हप्त्याचाच झाला. लोक पुढच्या हप्त्याला लायक झाले की नाही, हे दहा वर्षांनी एक कमिशन येऊन तपासणार होते. ते कमिशन दोन वर्षे आधीच नेमले गेले. ८ नोव्हेंबर १९२७ रोजी सायमन कमिशनची घोषणा झाली. त्यात एकही हिंदी माणूस नव्हता. आमची लायकी ठरवणारे हे कोण, म्हणून देशभर संताप उसळला. तो संताप रास्त होता.

ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. कारण तिच्यानंतर पाचच दिवसांनी, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

अंबादेवी हे अमरावतीचे ग्रामदैवत. नवरात्रात सारा वऱ्हाड तेथे लोटतो. या देवळात आम्हाला प्रवेश मिळाला पाहिजे, अशी मागणी अमरावतीच्या अस्पृश्य कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी देवळाच्या पंचांकडे केली होती. महाडला चवदार तळ्याचे पाणी मार्चमध्ये पिऊन झाले होते. दुसरी महाड परिषद, मनुस्मृती जाळणारी, डिसेंबरात व्हायची होती. मधल्या नोव्हेंबरात अमरावती उभी आहे. पुण्याचा पर्वती सत्याग्रह १९२९ चा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. म्हणजे या गाजलेल्या मंदिर सत्याग्रहांच्या आधी तो प्रश्न वऱ्हाडच्या अस्पृश्यांनी ऐरणीवर घेतला होता. आमच्या भागाला हे ठाऊकही नसावे, हे आमचेही अपयश आहे.

परिषद नाट्यगृहात भरली होती, याचाही थोडा विचार करावा. त्याच १९२७ साली अमरावतीचेच वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ हे नाटक रंगभूमीवर आले. वामनराव स्वतः तुरुंग भोगलेले स्वातंत्र्यसैनिक. पारतंत्र्याची चीड हा त्या नाटकाचा प्राण. मराठी प्रेक्षकाने त्यातील गुलामी इंग्रजांची आहे हे तत्काळ ओळखले आणि टाळ्या दिल्या. याच वर्षी याच शहरात एका नाट्यगृहात शेकडो वर्षांचे पारतंत्र्य भोगणारी खरी माणसे बसली होती. त्यांच्या बोलण्याला रूपकाची गरज नव्हती. मराठी नाट्यसमीक्षेने ‘रणदुंदुभि’वर पुष्कळ लिहिले, पण ही दोन नाट्यगृहे शेजारी ठेवून पाहिली नाहीत. स्वातंत्र्याच्या साहित्याची समीक्षा करताना त्याच गावात त्याच वेळी कोण काय मागत होते, हे पाहणे समीक्षेच्या बाहेरचे आहे असे मी मानत नाही.

परिषदेच्या ऐन वेळी बाबासाहेबांना वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी आली. तरीही काम थांबले नाही. त्यांनी त्या दिवशी जी भूमिका मांडली ती आज अनेकांना अनपेक्षित वाटेल. हिंदू धर्म ही जितकी स्पृश्यांची मिळकत आहे तितकीच ती अस्पृश्यांचीही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वाल्मीकी, चोखामेळा, रोहिदास यांनी जो धर्म वाढवला त्याच्या देवळात त्यांच्याच वंशजांनी का उभे राहू नये? प्रश्न देवीच्या दर्शनाचा कमी आणि बरोबरीच्या हक्काचा जास्त होता. अजून बाबासाहेबांनी दार ठोठावणे सोडलेले नव्हते. ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही येवल्याची घोषणा आठ वर्षे दूर होती. हे दार त्या दिवशी आतून कोणी उघडले असते तर पुढे काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात विचारू नये असे म्हणतात. पण चरित्रात तो विचारावाच लागतो, कारण आत असलेल्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे.

देवळाच्या पंचांचे प्रमुख होते दादासाहेब खापर्डे. सत्याग्रह तूर्त करू नये, स्पृश्य समाजाचे मन वळवायला अवधी द्यावा, असे त्यांच्या बाजूने आले. परिषदेने तो शब्द मानला आणि सत्याग्रह पुढे टाकला.

एका बाजूला सायमन कमिशन म्हणते आहे : तुमची लायकी तपासू, मग पाहू. दुसऱ्या बाजूला देवळाचे पंच म्हणत आहेत : लोकांचे मन वळवू, मग पाहू. दोन्ही ठिकाणी हक्क तत्त्वतः नाकारलेला नाही. फक्त मुदत मागितली आहे. दोन्ही ठिकाणी मुदत मागणारा तोच आहे ज्याच्या हातात किल्ली आहे. ज्या युक्तिवादाविरुद्ध खापर्डे दहा वर्षे लढले, ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला ते समुद्र ओलांडून गेले, तोच युक्तिवाद आपल्या गावच्या देवळाच्या पायरीवर त्यांच्या तोंडी आला. खापर्डे निष्णात वकील होते. तारीख वाढवून घेणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ज्याचा ताबा चालू आहे, त्याला तारीख वाढली की फायदाच असतो.

माझ्या मते दादासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रसंग हा आहे. सुरत नव्हे, विलायत नव्हे, इंद्रभुवन थिएटर. कारण माणसाच्या तत्त्वाची कसोटी त्याच्या शत्रूसमोर लागत नाही. त्याच्या हातातील सत्ता कोणी मागायला आला, की लागते. इंग्रजांकडे खापर्डे मागणारे होते. अंबादेवीच्या दारात ते देणारे होते. मागणारे खापर्डे आपल्याला पुष्कळ वाचायला मिळतात. देणारे खापर्डे मिळत नाहीत. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या भाषणांत अंबादेवीचा उल्लेख हमखास येतो. खापर्ड्यांवरच्या एकाही भाषणात तो मी ऐकलेला नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप वयाचा. खापर्डे तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते, त्या वयात माणूस बदलत नाही. पण मग त्याच वयाच्या आगेमागे त्यांचे अध्यात्म चरित्रात कौतुकाने का येते? शिर्डीचे उदाहरण घ्या. १९१० साली आणि पुन्हा १९११ च्या डिसेंबरापासून काही महिने ते शिर्डीत साईबाबांजवळ राहिले. त्या मुक्कामाची त्यांची दैनंदिनी साईभक्तांत आजही वाचली जाते. वऱ्हाडचा हा नवाब मशिदीत राहणाऱ्या, जातपात कोणालाच सांगता न येणाऱ्या एका फकिराच्या पायाशी बसत होता. म्हणजे जात न विचारता माथा टेकणे या माणसाला अशक्य नव्हते. फकिराबाबत जे मुदतीवाचून जमले ते शेजारच्या वस्तीतील माणसाबाबत का जमू नये? खाजगी भक्तीत जात विसरता येते, पण देवळाचा पंच म्हणून ती विसरली की सत्ता जाते. फरक इथे आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. त्या काळात दुसरे काय होणार होते, असे विचारले जाते. याला उत्तर त्याच शहरात आहे. पंजाबराव देशमुख १८९८ सालचे, म्हणजे खापर्ड्यांहून चव्वेचाळीस वर्षांनी लहान. विलायतेहून बॅरिस्टर होऊन ते नुकतेच परतले होते, आणि ते या मंदिरप्रवेशाच्या पाठीशी उभे होते. पुढे जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. म्हणजे काळ एकच होता, गाव एकच होते. हाती आलेल्या अधिकाराचे काय करायचे, हे ज्याने त्याने ठरवले. ‘काळ’ हा शब्द आमचे चरित्रकार पांघरुणासारखा वापरतात. पुढाऱ्याने काही चांगले केले की तो काळाच्या पुढे असतो आणि वाईट केले की तो काळाचे अपत्य ठरतो. हा न्याय नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आधी राजकीय स्वातंत्र्य, मग समाजसुधारणा, हा राष्ट्रीय पक्षाचा प्रामाणिक क्रम होता, असे म्हटले जाते. हा वाद जुना आहे. १८९५ साली पुण्याला राष्ट्रसभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरू दिली नाही, तेव्हापासूनचा. पण अस्पृश्यांनी देवळात येण्याने इंग्रजांविरुद्धची कोणती लढाई अडत होती, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे साक्ष दिली म्हणून त्यांना देशद्रोही ठरवण्यात आले. तेव्हाही हेच पाहायला हवे होते. गावच्या पंचांनी ज्याला मुदत सांगितली, त्याने आपली कैफियत दुसरीकडे कोठे न्यायची? आणि बाबासाहेबांनी तेथेही इंग्रजांची आरती केली नाही. १९३० च्या नोव्हेंबरात पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी लंडनमध्येच बजावले की इंग्रजी राज्याने अस्पृश्यता हटवण्यासाठी काही केले नाही आणि आम्हाला लोकांचे राज्य हवे आहे, ज्यात आमच्याही हाती सत्ता असेल. हे स्वराज्याचे भाषण आहे. आमच्या स्वातंत्र्यचरित्रांच्या कपाटात त्याला जागा नाही.

मुदतीचा हा हिशेब केवळ अमरावतीच्या एका वृद्ध पुढाऱ्यापुरता असता तर येथेच थांबता आले असते. पण १९३० साली शेजारच्या अकोला जिल्ह्यात जे घडले त्यातही तो दिसतो.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून, खारपाण पट्टा आहे. जमिनीखालचे पाणी खारट. दहीहंड्याकडे पूर्वी मिठाच्या विहिरी होत्या. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वऱ्हाडाला मिठाचा सत्याग्रह करता आला तो या खाऱ्या पाण्यामुळे. एप्रिल १९३० मध्ये ब्रिजलाल बियाणी आणि त्यांचे सहकारी दहीहंड्याला गेले, त्यांनी खारे पाणी आटवून मीठ केले आणि कायदा मोडला. हा वऱ्हाडच्या इतिहासातील अभिमानाचा प्रसंग आहे, आणि दरवर्षी त्याची आठवण निघते.

माझी आजी याच पट्ट्यातली. तिने या सत्याग्रहाचे नाव ऐकले नव्हते. पण खारपाणातील पाण्याविषयी तिला जे ठाऊक होते ते चरित्रांत नाही. जेथे बहुतेक विहिरी खाऱ्या, तेथे गोड्या पाण्याची विहीर म्हणजे गावची लक्ष्मी. ती विहीर आमच्यासाठी नसे. घागर घेऊन दूर उभे राहायचे आणि कोणी यायची वाट पाहायची. “पानी वाढा वो माय,” असे म्हणायचे. कोणी वाढले तर गोडे, नाही तर खारे. आजी म्हणायची, “आमी मीठच पेलो, पोरा.”

मिठाचा कायदा इंग्रजांचा होता, तो मोडणे हा सत्याग्रह ठरला. गोड्या विहिरीचा कायदा गावाचा होता. चवदार तळ्याच्या बाबतीत तर सरकारी कायदा मोडायचाही नव्हता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला होता. पाणी पिणाऱ्यांनी कायद्याची अंमलबजावणी केली आणि डोकी फोडून घेतली. दोन्ही सत्याग्रह, दोन्ही पाण्याचे. एकाला राष्ट्राचा इतिहास म्हणतात आणि दुसऱ्याला एका समाजाचा.

मुदतीचे म्हणाल तर आणखी एक तारीख पाहा. २ मार्च १९३० या एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून सांगितले की अकराव्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर मिठाचा कायदा मोडू. आणि त्याच दिवशी नाशिकला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह उभा राहिला. इंग्रज सरकारला मिळालेली मुदत दहा दिवसांचीही नव्हती, आणि ती पुरे होती असेच आपण सारे मानतो. काळारामाच्या पुजाऱ्यांना आणि पंचांना मात्र अस्पृश्यांनी वर्षांमागून वर्षे दिली आणि अखेर दार न उघडताच तो सत्याग्रह संपला. परक्या सत्तेला दिवस मोजून द्यायचे आणि घरच्या सत्तेला वर्षे, ही विषमता आपल्या स्वातंत्र्याच्या कल्पनेतच मुरलेली आहे. चरित्रे तीच पुढच्या पिढीच्या हाती देतात.

आता थोडे आपल्याविषयी. हे नियतकालिक वाचणाऱ्यांपुढे प्रस्थापितांच्या चरित्रांचे वाभाडे काढणे सोपे आहे. आपण लिहितो ती चरित्रे कशी आहेत? जन्म, हालअपेष्टा, बाबासाहेबांची भेट, सभा, मोर्चे, निर्वाण. तुरुंगाच्या जागी बाबासाहेबांची भेट आली, साचा तोच राहिला. अमरावतीचे ग. आ. गवई यांचे आपण काय केले? अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात गेलेला हा आरंभीच्या काळातला माणूस. १९३२ च्या राजा-मुंजे कराराच्या बाजूने ते उभे राहिले, बाबासाहेबांना विरोध केला, धर्मांतरालाही केला. ते चुकले असे माझे मत आहे. पण चुकले म्हणून त्यांचे पानच फाडून टाकायचे, हे आपणही केलेच. ते का चुकले, कोणत्या आशेने मुंजे यांच्याकडे गेले, त्या आशेचे पुढे काय झाले, हे लिहिले असते तर आजच्या कार्यकर्त्याला त्याचा उपयोग झाला असता. आज तीच आशा नव्या नावाने दारात उभी राहते तेव्हा तिला ओळखायला आपल्याजवळ काही नाही. बाबासाहेबांनी रानड्यांवरच्या १९४३ च्या व्याख्यानात विभूतिपूजेवर कोरडे ओढले. १९४९ साली घटना समितीतल्या अखेरच्या भाषणातही राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला. ते केवळ इतरांसाठी होते, असे समजून आपण चालतो.

तेव्हा मागणी अशी नाही की खापर्ड्यांचा पुतळा हलवा किंवा त्यांचे नाव पुसा. उलट त्यांचे चरित्र पुन्हा लिहा आणि पूर्ण लिहा. ज्या प्रकरणात ते विलायतेत साक्ष देतात त्याच्या पुढचे प्रकरण इंद्रभुवन थिएटरचे असू द्या. बियाणींच्या चरित्रात दहीहंड्याच्या मिठाबरोबर त्याच गावकुसाबाहेरची घागर येऊ द्या. वामनराव जोशींच्या नाटकाबरोबर त्या वर्षीची परिषद येऊ द्या. त्यामुळे ही माणसे लहान होणार नाहीत. ती खरी होतील, आणि विद्यार्थ्याला त्यांच्याशी भांडता येईल. ज्या चरित्राशी भांडता येत नाही ते वाचून कोणी शहाणा होत नाही. महात्मा फुल्यांनी विचारले होते की लोक एकमय झाल्यावाचून राष्ट्र कसे होईल. वऱ्हाडात १९२७ साली एकमय होण्याची एक संधी देवीच्या दारापर्यंत चालत आली होती. तिला तारीख देऊन परत पाठवले, हे वऱ्हाडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

आणि त्यात त्या पणजोबांचे पान असले पाहिजे. त्यांच्याबद्दल आपल्याला एकच गोष्ट ठाऊक आहे. दर्यापूरकडून ते पायी अमरावतीला गेले आणि मुदत घेऊन परत आले. कोणी त्यांना पकडले नाही. पकडण्याची गरजच नव्हती, कारण ते ज्या कोठडीत होते तिला भिंती नव्हत्या आणि सुटकेची तारीखही नव्हती. त्यातून बाहेर पडण्यासाठी जो चालत गेला तो स्वातंत्र्याचा सैनिक नसेल, तर त्या शब्दाचा अर्थ आपल्याला पुन्हा शिकावा लागेल.

ते परत आलेले पान मी त्या मुलाकडून मागून घेतले आहे. पुढच्या वर्गात शिकवताना दादासाहेब खापर्ड्यांच्या धड्याला मी ते जोडणार आहे. त्यासाठी कोणाकडे मुदत मागायची गरज मला वाटत नाही.